एकसष्ट पाहुणे, एक रहिवासी: इंग्लंडमधल्या एका स्लीप-आउटचा प्रकरण अभ्यास

(गाव, संस्था आणि माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या लाखभर वस्तीच्या एका शहरात बेघरांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे. तिचे अठरा खोल्यांचे हॉस्टेल आहे आणि आठवड्यातून पाच दिवस दिवसकेंद्र चालते. एक आउटरीच वर्कर पहाटे पाचला बाहेर पडते आणि उघड्यावर झोपलेल्यांना गाठते. पगारी माणसे एकूण अकरा. हॉस्टेलचा बराचसा खर्च भाड्याच्या सरकारी मदतीतून निघतो, पण आउटरीचच्या पगाराला असा बांधलेला स्रोत नाही, तो दरवर्षी जमवावा लागतो. म्हणून संस्थेने नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी स्लीप-आउट करायचे ठरवले. उद्दिष्ट २५,००० पौंड.

स्लीप-आउट म्हणजे थंडीच्या दिवसांत एक रात्र उघड्यावर झोपायचे आणि त्यासाठी ओळखीपाळखीच्यांकडून देणगी गोळा करायची. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका इथे हा प्रकार चांगलाच रुळला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये एडिनबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समध्ये सुमारे ८,००० माणसे एका रात्री झोपली आणि ४० लाख पौंडांच्या आसपास निधी जमला. त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये प्रिन्स विल्यम लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ एक रात्र रस्त्यावर झोपले होते, तेव्हापासून तर वर्तमानपत्रांनाही हा विषय पाठ झाला. नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला ऑफिसकडून कधी ना कधी हे आमंत्रण येतेच, आणि तो पहिल्यांदा चक्रावतो. वारीच्या वाटेवर लाखो माणसे उघड्यावर झोपतात, त्याचे कुणी पैसे देत नाही! इथे देणगी मिळते ती थंडीमुळे. नोव्हेंबरची रात्र ब्रिटिश माणसाला अंगावर काटा आणते, आणि तोच काटा देणगीदाराचा हात खिशाकडे नेतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इंग्लंडमध्ये शरद ऋतूतल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत २०२४ साली ४,६६७ माणसे उघड्यावर झोपलेली आढळली. त्याच वेळी तात्पुरत्या निवाऱ्यात, म्हणजे कुठल्याशा हॉटेलच्या खोलीत किंवा काउन्सिलने (तिथल्या नगरपालिकेने) दिलेल्या एका खोलीत, दिवस काढणारी कुटुंबे एक लाखाहून अधिक होती. पुठ्ठ्यावर झोपलेला माणूस हा बेघरपणाचा सगळ्यात दिसणारा आणि सगळ्यात छोटा तुकडा आहे. संस्थेच्या व्यवस्थापकांना हे माहीत होते, म्हणून त्यांनी जाहिरातीत ‘बेघर होऊन पाहा’ असली भाषा वापरली नाही. ‘एक रात्र गैरसोय सोसा, आउटरीचचा पगार उभा करा’ इतकेच लिहिले. हा निर्णय पुढे कामी आला.

जागेचा प्रश्न

तीन जागा समोर होत्या. पहिली, बाजारपेठेतल्या चर्चचे आवार. मधोमध, उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी. चर्चची फुकट परवानगी आणि स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर यायला तयार. दुसरी, गावाबाहेरच्या फुटबॉल क्लबचे मैदान. तिथे कुंपण, कुलूप लागणारे फाटक, छप्पर असलेला प्रेक्षकांचा स्टँड आणि क्लबहाउस, पण बसने वीस मिनिटे, आणि रात्री तिकडे कुत्रेही फिरकत नाही. तिसरी, हॉस्टेलचे मागचे अंगण. ती पाच मिनिटांतच बाद झाली. तिथे राहणाऱ्या अठरा जणांचे ते घर आहे, त्यांच्या खिडकीखाली साठ पाहुण्यांनी बेघरपणाचा प्रयोग करावा हे कुणालाच पटले नाही.

चर्च ठरले. पोस्टर छापली, नोंदणी सुरू झाली. कार्यक्रमाला बावीस दिवस उरले असताना आउटरीच वर्करने आराखड्याची प्रत पाहिली आणि विचारले, उत्तरेकडच्या पोर्चमध्ये झोपणाऱ्या गृहस्थांचे काय?

त्या पोर्चमध्ये पन्नाशीचा एक माणूस ऑगस्टपासून झोपत होता. हॉस्टेलमध्ये यायला त्याने दोनदा नकार दिला होता. ती रोज पहाटे त्याच्याशी दोन वाक्ये बोलत असे आणि एवढ्यावरच ओळख हळूहळू वाढत होती. आराखड्यात नेमक्या त्याच पोर्चमध्ये चहाचे टेबल दाखवले होते.

बैठकीत चार पर्याय निघाले. एक, त्यांना त्या रात्रीपुरती हॉटेलची खोली द्यायची. दोन, पोर्चच्या बाजूचा भाग दोरी लावून वेगळा ठेवायचा. तीन, त्यांनाच कार्यक्रमात बोलवायचे. चार, जागा बदलायची.

तिसरा पर्याय एका विश्वस्ताने अगदी मनापासून सुचवला होता, आणि चारांतला सगळ्यात वाईट तोच होता. साठ माणसे टोप्या घालून, मित्रांना सेल्फी पाठवत जिथे एक रात्र काढणार, तिथे रोज झोपणाऱ्याला ‘सहभागी’ म्हणून बसवणे म्हणजे त्याला प्रदर्शनात मांडणे. दुसऱ्यात दोरी ही खूणच ठरली असती, कॅमेरा हमखास तिकडे वळला असता. पहिला सोयीचा वाटत होता, म्हणून वर्करने दुसऱ्या दिवशी त्यांना सरळ विचारले. त्यांनी नाही म्हटले. एका रात्रीसाठी जागा सोडली की सामान हलवायचे, आणि परत येईपर्यंत ती कोपऱ्यातली, वारा न लागणारी जागा दुसऱ्या कुणी घेतलेली असणार. हिशेब अचूक होता.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. इंग्लंडमधला १८२४ चा व्हेग्रन्सी अ‍ॅक्ट म्हणजे भटक्या-बेघरांविरुद्धचा कायदा. तो उघड्यावर झोपणे हा गुन्हा ठरवत आला. २०२२ मध्ये संसदेने तो रद्द करण्याची तरतूद केली खरी, पण अंमलबजावणी रेंगाळली. परवानगी काढून, विमा उतरवून झोपणारे साठ जण आणि त्याच दगडी भिंतीआड विनापरवाना झोपणारा एक जण, हे चित्र कुठल्याही पत्रकाराला सुचले असते. तोवर कुणाला सुचले नव्हते एवढेच.

एकोणीस दिवस आधी जागा बदलली. पोस्टर पुन्हा छापावी लागली, गावाबाहेर यायला नको म्हणून सहा जणांनी नाव मागे घेतले, आणि फोटोग्राफरचा उत्साह मावळला. हा निर्णय बरोबर होता. तो तीन आठवडे उशिरा झाला, कारण आराखडा करणाऱ्या चौघांत रस्त्यावर काम करणारी एकमेव व्यक्ती नव्हती.

थंडी आणि काउन्सिलचा निरोप

दुसरी अडचण हवामानाने आणली, पण ती निव्वळ थंडीची नव्हती.

तापमान शून्याला किंवा त्याखाली जाण्याचा अंदाज आला की इंग्लंडमधली बहुतेक काउन्सिले एक आणीबाणीची व्यवस्था सुरू करतात. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘स्वेप’ म्हणतात. त्या रात्री कुठलेही निकष, स्थानिक रहिवासाचे पुरावे वगैरे न बघता उघड्यावरच्या प्रत्येकाला आत जागा द्यायची. या शहरात ही जागा म्हणजे याच संस्थेचे दिवसकेंद्र: आठ घडीच्या खाटा, आणि रात्रभर जागे राहणारे तीन पगारी कर्मचारी.

गुरुवारी दुपारी बाराला काउन्सिलचा ईमेल आला: शुक्रवारी रात्री उणे तीनपर्यंत, स्वेप सुरू. स्लीप-आउटच्या आराखड्यात त्याच रात्री चार पगारी कर्मचारी मैदानावर दाखवले होते, त्यांत आउटरीच वर्करही. अकरांपैकी दोघे आजारी. म्हणजे ज्या रात्री बेघर माणसाने बाहेर राहू नये असे गाव सांगत होते, त्याच रात्री बेघरांसाठीची माणसे साठ घरदार असलेल्या लोकांच्या झोपेची राखण करत बसणार होती.

व्यवस्थापकांचा कल एजन्सीकडून तीन बदली कर्मचारी घेऊन सगळे ठरल्याप्रमाणे करण्याकडे होता. पण दिवसकेंद्रात येणारे लोक ओळखीच्या चेहऱ्याला बघून आत येतात, तिथे बदली माणूस चालत नाही. विश्वस्तांना कार्यक्रम दोन आठवडे पुढे ढकलायचा होता. त्यात टॉयलेट, सुरक्षारक्षक आणि प्रथमोपचार पथकाचे १,३४० पौंड बुडाले असते, कारण तिन्ही करारांनुसार ७२ तासांच्या आत रद्द केले तर पैसे परत मिळणार नव्हते. शिवाय डिसेंबरमध्ये थंडी कमी होत नाही, उलट ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्या सुरू होतात. आणि देणगीदारांनी ‘या शुक्रवारी’ असे वाचून पैसे दिलेले.

शेवटी मधला मार्ग निघाला. सर्व पगारी कर्मचारी स्वेपकडे जातील. मैदानाची जबाबदारी एका विश्वस्ताकडे, तिच्या हाताखाली सात स्वयंसेवक, दोन परवानाधारक सुरक्षारक्षक आणि दोन प्रथमोपचारक. झोपायची जागा मोकळ्या कार पार्कमधून छताच्या स्टँडखाली. वेळ रात्री नऊ ते सकाळी सातऐवजी सहा. क्लबहाउस रात्रभर गरम आणि उघडे, आणि आत गेलेल्याला कुणी ‘हरलास’ म्हणायचे नाही, हे सुरुवातीच्या सूचनांतच. विमा कंपनीला बदललेला जोखीम आराखडा गुरुवारी चारला पाठवला, संमती शुक्रवारी सकाळी अकराला आली. ती आली नसती तर कार्यक्रम रद्द, हेही आधीच ठरवून ठेवले होते. अशा वेळी ‘नाही आली तर बघू’ म्हणणारे फार असतात.

छताबद्दल थोडे खोलात. निरभ्र रात्री जमीन आणि अंथरूण दोन्ही आकाशाकडे उष्णता सोडत राहतात, म्हणून स्लीपिंग बॅगवर दव किंवा हिमकण धरतात. छप्पर आडवे आले की हा ऱ्हास बराच कमी होतो, बाजू उघड्या असल्या तरी. पहाटे चारला कार पार्कमधला थर्मामीटर उणे ३ दाखवत होता, स्टँडखालचा बरोबर ० अंश. काही सहभागींना हे ‘सोपे करून टाकल्यासारखे’ वाटले. त्यांना ० अंशात रात्र काढू दिल्यावर तक्रार उरली नाही.

प्रत्यक्ष रात्र

नोंदणी ७४ जणांची होती, आले ६१, पहाटेपर्यंत बाहेर राहिले ५२.

दमवते ती खालची थंडी. काँक्रीट अंगातली उष्णता ओढून घेते, आणि स्लीपिंग बॅगची खालची बाजू अंगाखाली दाबली जात असल्यामुळे तिची ऊब जवळपास नाहीशी होते. सूचनापत्रात स्पष्ट लिहिले होते: दुहेरी थराच्या पुठ्ठ्याचे निदान तीन थर, त्यावर बंद छिद्रांच्या फोमची मॅट, मग बॅग. फुगवायची मॅट चालेल, पण तिच्याखालीही फोम हवाच. बॅगवर दोन आकडे असतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. पहिला पाहायचा, तो शून्याखाली असावा. बऱ्याच जणांनी दुसरा, म्हणजे अंग आखडून जेमतेम झोप लागण्याचा आकडा पाहून बॅग आणली होती.

चूक झाली ती प्लॅस्टिकची. पावसाच्या भीतीने काहींनी बॅगभोवती पॉलिथिन गुंडाळले. शरीरातून रात्रभर वाफ बाहेर पडते, ती प्लॅस्टिकला आतून चिकटून पाणी होते. तीनच्या सुमाराला चौघांच्या बॅगा आतून ओल्या झाल्या. जागा छताखाली हलवल्यावर ‘आता प्लॅस्टिक नको’ हा एका ओळीचा मेसेज जायला हवा होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळे कपडे चढवून बॅगेत शिरणे. पफ जॅकेट आत दाबले जाते, दोघांचीही ऊब जाते, घाम येतो, आणि घामाने भिजलेले सुती बनियन पहाटे बर्फासारखे लागते. कोरडे लोकरी मोजे आणि टोपी यांनी जितके साधले तितके तिसऱ्या स्वेटरने नाही.

पावणेचारला फेरी मारणाऱ्या प्रथमोपचारकाला ओल्या बॅगवाल्यांपैकी एक तरुण बॅगेची चेन उघडताना चाचपडत असलेला दिसला. बोलणे जड, आणि ‘मी ठीक आहे’ हे तीनदा. कानातल्या थर्मामीटरने ३५.४ दाखवले. शरीराचे आतले तापमान ३५ च्या खाली गेले की हायपोथर्मिया म्हणतात. थंड हवेत कान आधीच गार असल्यामुळे हे यंत्र कमी दाखवू शकते, म्हणून तिने आकड्यापेक्षा बोटे आणि बोलणे बघितले. आत नेले, ओले कपडे काढले, कोरडी ब्लँकेटे, गोड गरम चहा. हातपाय चोळले नाहीत, हीटरला चिकटवून बसवले नाही. चाळीस मिनिटांत तो नीट बोलू लागला. मद्यबंदी फाटकावरच पाळली होती, नाहीतर हीच लक्षणे दारूच्या नावावर खपली असती.

खरी फजिती त्याआधी, सव्वाएकला झाली होती. दिवे आणि सूपचा वास यांचा माग काढत दोन माणसे फाटकावर आली. बॅगा पाठीवर, पायात भिजलेले बूट. दोघेही खरोखर बेघर. सुरक्षारक्षकाकडे ६१ नावांची यादी होती आणि ‘यादीबाहेर कुणी नाही’ ही सूचना. तो चुकीचे काही करत नव्हता. दहा-बारा मिनिटे ते दोघे कुंपणाबाहेर उभे राहिले आणि आतून बेघरांसाठी झोपायला आलेली मंडळी त्यांच्याकडे बघत राहिली. मग एका स्वयंसेविकेने बाहेर जाऊन सूप दिले, दिवसकेंद्रावर फोन करून दोन खाटा मोकळ्या असल्याची खात्री केली आणि टॅक्सी बोलावली. ९ पौंड तिने स्वतःच्या खिशातून दिले. बावीस पानांच्या जोखीम आराखड्यात वादळ होते, आग होती, भटके कुत्रेसुद्धा होते, बेघर माणूस नव्हता.

हिशेब

नोंदणी शुल्क, ७४ जणांचे १५ पौंडांप्रमाणे, १,११०. ऑनलाइन देणग्या १९,८६०. एका कंपनीने घातलेली भर २,०००. गिफ्ट एडचे ३,३५०. एकूण २६,३२० पौंड.

गिफ्ट एडचा हिशेब असा: ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या व्यक्तीने १०० पौंड देऊन तसे लिहून दिले, की सरकार संस्थेला आणखी २५ देते. इथे १९,८६० पैकी फक्त १३,४०० वर ते मिळाले. काहींनी ऑफिसात डबा फिरवून जमवलेली रक्कम एकट्याच्या कार्डावरून भरली, काहींनी कंपनीचे कार्ड वापरले. दोन्ही ठिकाणी हक्क जातो, कारण देणगी प्रत्येकाची वैयक्तिक असावी लागते. नोंदणी शुल्कावरही मिळत नाही, ते प्रवेशाचे मोल धरले जाते. देणगीदारांपर्यंत एक वाक्य वेळेत पोचले असते तर काही शे पौंड जास्त आले असते.

खर्च: टॉयलेट ४२०, सुरक्षारक्षक ५४०, प्रथमोपचार ३८०, खाणेपिणे २१०, विम्याची वाढीव रक्कम १६५, दिवे आणि कचरा १४५, टोप्या ३९०, छपाई २५०. बेरीज २,५००. हाती २३,८२०. मात्र तयारीत पगारी कर्मचाऱ्यांचे १९० तास गेले. ताशी १६ पौंड धरले तर आणखी ३,०४०, आणि खरा फायदा २०,७८० वर येतो. अहवालात हा आकडा छापायला विश्वस्त नाखूश होते, व्यवस्थापकांनी तो छापला.

यातून आउटरीच वर्करचा साधारण आठ महिन्यांचा पगार निघाला. जाहिरातीतच ‘आउटरीचचा पगार’ असे लिहिले असल्यामुळे निधी तसा वापरता आला. ‘तुमच्या ३० पौंडांत एक उबदार खाट’ असे जाहिरातीत लिहिले असते तर पैसे त्या खाटेलाच अडकले असते.

रकमेची वाटणी पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते: अकरा जणांनी निम्मी देणगी आणली, आलेल्यांपैकी एकोणीस जणांनी शून्य. पैसे रात्री जमतच नाहीत, आधीच्या तीन आठवड्यांत जमतात. त्या काळात संस्थेने सहभागींना पाठवलेले चारही ईमेल सामान आणि पार्किंगबद्दल होते.

वेगळे काय करता आले असते

आराखड्याच्या पहिल्या बैठकीत आउटरीच वर्कर हवी, शेवटच्या नव्हे. स्वेप आणि स्लीप-आउट एकाच थंडीवर अवलंबून असल्याने दोन्ही एकाच रात्री येणार हे गृहीतच धरायचे: पगारी माणूस मैदानावर एकही नको, सुरुवातीपासूनच. किंवा तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीला घ्यायची. देणगी थोडी कमी येईल, पण उणे तीनचा पेच टळेल. यावर संस्थेत अजून एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

फाटकावरच्या माणसाला एक लेखी कागद द्यायचा: बेघर व्यक्ती आली तर लगेच कुणाला बोलवायचे, दिवसकेंद्राचा नंबर, टॅक्सीचे खाते. गरम सूप यादी न बघता. नोंदणीच्या वेळी १५० पौंडांचे किमान उद्दिष्ट मान्य करून घ्यायचे आणि पहिला ईमेल देणगी कशी मागावी याचा पाठवायचा, नमुना मजकुरासकट.

पोर्चमधल्या गृहस्थांनी फेब्रुवारीत हॉस्टेलची खोली घेतली. तळमजल्यावरची, दाराजवळची एक खोली रिकामी झाली होती आणि वर्करला ते नेमके तीच मागतील हे माहीत होते. स्लीप-आउटच्या अहवालात हे लिहावे अशी सूचना आली होती. ते लिहिले नाही.

राहिला सामानाचा प्रश्न. सकाळी सहाला निघताना तेवीस जणांनी आपल्या स्लीपिंग बॅगा ‘बेघरांसाठी’ म्हणून ढिगात टाकल्या. त्यांतल्या बऱ्याचशा ओल्या, बहुतेक उन्हाळी. ओली बॅग कुणाला देता येत नाही. वाळवायला जागा लागते आणि धुलाईला नव्या स्वस्त बॅगेइतकाच खर्च येतो. सहा वापरता आल्या, सतरा आणि भिजलेला सगळा पुठ्ठा कचऱ्याच्या गाडीत गेला, ज्याचा खर्च वर ‘दिवे आणि कचरा’ यात धरला आहे. पुढच्या वर्षीच्या सूचनापत्रात शेवटची ओळ ठळक आहे: आणलेली प्रत्येक वस्तू परत न्या, बॅग द्यायचीच असेल तर कोरडी, धुतलेली, सोमवारी दिवसकेंद्रावर.